लेलेबाईंचा मुक्काम

आमच्या ऑफिसात कुणी नवीन माणूस बदलून आला, की बाकीचे त्याला नाव विचारायचे, गाव विचारायचे, कुणी धीट असला तर पगारही विचारायचा. लेलेबाई विचारायच्या, "तुमचं कोण कुठे असतं?"

नव्या माणसाला वाटायचं, बाईंच्या नात्यात एखादी लग्नाची मुलगी असणार. तो भाबडेपणानं सांगून टाकायचा की मामा झाशीला असतो, मेहुणी बेळगावला आणि चुलतभाऊ जबलपूरला, वीज खात्यात. बाई मान डोलवायच्या. "वीज खात्यात म्हणजे क्वार्टर असेल. किती खोल्यांचं?" आपण काय करून बसलो ते त्याला पुढच्या मे महिन्यात कळायचं. जबलपूरहून भावाचं पत्र यायचं : 'लेलेमावशी चार दिवस राहून काल गेल्या. फार गुणी बाई. पण या आपल्या नेमक्या कोणत्या बाजूच्या?'

ठाण्यातल्या त्या सरकारी ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा लेलेबाई हेडक्लार्क होत्या. निवृत्तीला पाच-सहा वर्षं उरलेली. मी डोंबिवलीहून यायचे, त्या नौपाड्यातून चालत यायच्या. लग्न केलेलं नव्हतं. उंच, काटक, सुती पाचवारी साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. का, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "चपलेनं माणूस फिरतो, बुटानं पोचतो."

सरकारकडून आम्हांला दर काही वर्षांनी प्रवासाची सवलत मिळायची. सवलत म्हणजे गाडीचं तिकीट. राहायचं-जेवायचं ज्याचं त्यानं बघायचं. त्यामुळे आमच्यातले बरेचजण ती सवलत तशीच सोडून द्यायचे. लेलेबाईंनी मात्र एकही सोडली नाही. "प्रवासाला पैसे लागतात," त्या म्हणायच्या, "राहायला माणसं लागतात. आणि माणसं काय, कुठेही असतात. शोधायचा कंटाळा करतात लोक."

त्या कंटाळा करत नसत. सेक्शनमधल्या सावंतांचे काका ग्वाल्हेरला वारले. आम्ही सगळ्याजणी त्यांच्या टेबलापाशी जाऊन हळहळलो. बाईंनीही हळहळ व्यक्त केली आणि मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "म्हणजे आता तेवढ्या घरात काकू एकट्याच?" त्या दिवाळीत बाई ग्वाल्हेरला होत्या. सावंत संतापले होते. पण काकूंचं पत्र आलं की लेलेबाईंनी माळा आवरून दिला, पेन्शनचे कागद लावून दिले आणि निघताना दोघी रडल्या. सावंत ते पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरत होते. रागवायचं की आभार मानायचे हे त्यांचं शेवटपर्यंत ठरलं नाही.

हमालाला पैसे देणं बाईंना मान्य नव्हतं. म्हणून सामान होईल तेवढं अंगावर घालायच्या. एकदा कोल्हापूरला तीन साड्या एकावर एक नेसून गेल्या. एसटीतून उतरल्या तेव्हा यजमानांना चांगल्या भरदार वाटल्या, आणि रात्रीच्या जेवणाला पाटावर बसल्या तेव्हा निम्म्या झालेल्या. यजमानीणबाईंनी नवऱ्याला आत बोलावून कुजबुजत विचारलं म्हणे, की पाहुण्यांना काही दुखणं तर नाही ना, डॉक्टरांना बोलावू का?

बडोद्याला तर त्या पोचल्या तेव्हा घरची मंडळी नेमकी लग्नाला निघालेली. त्यांनी संकोचून किल्ली बाईंच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी त्या घरी दुसरेच एक पाहुणे आले. बाईंनी त्यांना पाणी तापवून दिलं, तीन दिवस जेवू घातलं, चौथ्या दिवशी डबा बांधून दिला. ते गृहस्थ पाया पडून गेले आणि नंतर त्यांनी घरमालकाला लिहिलं की तुमच्या सासूबाईंसारखी माऊली पाहिली नाही. घरमालकाच्या सासूबाई तोवर वारून दहा वर्षं झाली होती.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी एका वर्षी त्यांच्याबरोबर इंदूरला गेले. माझं लग्न ठरत नव्हतं, घरात रोज तोच विषय, आणि कुठेतरी चार दिवस जावं असं फार वाटत होतं. आमच्याच ऑफिसातल्या पाटणकरांचे मेहुणे देशपांडे इंदूरला होते. पाटणकरांनी, सुटका नाही हे ओळखून, स्वतःच पत्र टाकलं होतं.

कल्याणहून खांडवा, तिथून छोट्या गाडीनं इंदूर. बाईंनी मला इंदूरच्या अलीकडच्याच स्टेशनावर उतरवलं, कारण तिथून टेम्पो स्वस्त पडतो. भर दुपारी आम्ही पत्ता विचारत विचारत एका गल्लीत शिरलो. एका पोऱ्यानं लांबूनच बोट दाखवलं. दार वाजवलं तर सत्तरी उलटलेल्या एका बाईंनी उघडलं. गोऱ्या, ठेंगण्या, डोळ्यांना जाड चष्मा. त्यांनी आमच्याकडे क्षणभर बघितलं आणि पुढे होऊन लेलेबाईंच्या हातातली पिशवी घेतली.

"या न, आत या. किती ऊन आहे बाहेर. अहो, पाहुणे आलेत."

आतून एक वृद्ध गृहस्थ सदऱ्याची बटणं लावत आले. "या या. प्रवास कसा झाला?"

"उत्तम," बाई म्हणाल्या. "पाटणकरांनी नमस्कार सांगितलाय."

"अरे वा. पाटणकर. बरे आहेत न?" आबा म्हणाले. त्यांना सगळे आबा म्हणत आणि आजींना माई.

त्या दिवशी माईंनी काय काय केलं ते मी सांगत नाही, कारण मला अजून भूक लागते. आबांनी आम्हांला बागेतलं सीताफळाचं झाड दाखवलं, मुलगा कॅनडात असतो हे सांगितलं, आणि संध्याकाळी पत्ते काढले. लेलेबाईंनी माईंच्या चष्म्याची ढिली काडी दोऱ्यानं घट्ट करून दिली. माई म्हणाल्या, बरेच दिवस राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानात टूथपेस्ट आणायला गेले. दुकानदार मराठीच होता. "कुणाकडे उतरलात?"

"देशपांड्यांकडे. ते काय, सीताफळाचं झाड आहे ते घर."

"ते देशमुखांचं," तो म्हणाला. "देशपांडे मागच्या गल्लीत. काल दोनदा स्टेशनावर जाऊन आले बिचारे. ठाण्याच्या दोन बाया हरवल्यात म्हणत होते."

मी कशी परत आले मला आठवत नाही. लेलेबाई मागच्या ओट्यावर मटार सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाई, आपण चुकीच्या घरात आहोत."

"माहितीय," बाई म्हणाल्या.

"माहितीय?"

"दारावर पाटी आहे ना. आत शिरता शिरता वाचली मी."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी शेंगेतला एक दाणा तोंडात टाकला. "तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली होती गं. आता चुकलं म्हणून काय तिच्या हातातून ओढून घ्यायची?"

"अहो, पण पाटणकरांचा नमस्कार सांगितलात."

"ते पाटी वाचायच्या आधी ठरलेलं होतं. तोंडातून गेलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तू असं कर, देशपांड्यांकडे जाऊन सांग की आम्ही सुखरूप आहोत, दुपारी जेवायला येतो. आणि इथे काही बोलू नकोस. माईंनी मटार आपल्यासाठी आणलाय."

पुढचे तीन दिवस मी दोन घरांत दोनदा जेवत होते. देशपांड्यांना सांगितलं की देशमुखांशी जुनी ओळख निघाली. देशमुखांना सांगितलं की मागच्या गल्लीत एक ओळखीचे आहेत, ते ऐकत नाहीत. देशपांड्यांनी श्रीखंड केलं, तर इकडे माईंनी हट्टानं पुरणपोळी केली. तिसऱ्या दिवशी मी जेवणानंतर भिंतीला धरून उठले. बाईंना काही झालं नाही. त्यांचा सराव होता.

निघताना आबा स्टेशनावर आले. बाई जागा धरायला डब्यात चढल्या. मी खाली उभी होते. आबांनी इकडेतिकडे बघून मला हळूच विचारलं, "बेटा, हे पाटणकर म्हणजे कोण?"

मी डब्याच्या खिडकीकडे बघितलं, बाई ऐकतायत का ते.

"नाही, तसं काही नाही," ते घाईनं म्हणाले. "पुन्हा आलात तर विषय निघेल. आपल्याला माहिती असलेली बरी. माईला यातलं काही बोलू नको. तिला वाटतंय की तुम्ही माझ्याकडच्या, आणि मी विसरलोय."

ठाण्याला परतल्यावर हे मी ऑफिसात कुणालाच सांगितलं नाही. पाटणकरांनाही नाही.

पुढच्या थंडीत ऑफिसच्या पत्त्यावर लेलेबाईंच्या नावे इंदूरहून अंतर्देशीय पत्र आलं. बाईंनी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. मग माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. मी टाइप करायची थांबले.

"माईंचे डोळे मुंबईत दाखवायचेत. येत्या शनिवारी येतायत. दोन-तीन दिवस तुमच्याकडे उतरलं तर चालेल का, विचारलंय."

"मग चांगलंच आहे की, बाई."

"हो, चांगलंच आहे," त्या म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. "तू येशील का शनिवारी सकाळी? जरा लवकर?"

चार वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होते, पण त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. कुणीच गेलेलं नव्हतं. शनिवारी गेले तर दोन स्वच्छ, रिकाम्या खोल्या. एक खुर्ची. एक कॉट. स्वयंपाकघरात मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक पेला, सगळं घासून पालथं घातलेलं. बाईंनी नव्या दोन चटया आणल्या होत्या, त्यांच्या गुंडाळ्याही सोडलेल्या नव्हत्या. चटया कुठे घालायच्या हे ठरत नव्हतं. त्या एकदा खिडकीशी नेऊन ठेवत होत्या, एकदा भिंतीशी.

"नीला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाहुणे आत आले की आधी काय विचारतात गं? चहा की पाणी?"

मला वाटलं, थट्टा करतायत. अर्ध्या हिंदुस्थानात पाहुणचार घेतलेली बाई. मग त्यांचा चेहरा दिसला.

"पाणी द्यायचं, बाई," मी म्हटलं. "विचारायचं नाही. नुसतं आणून द्यायचं."

"बरोबर," त्या म्हणाल्या. "तसंच करतात सगळे." आणि मांडणीवरच्या त्या एका पेल्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, मी खाली जाऊन पेले विकत आणते, दुकान उघडलं असेल. त्यांनी मान हलवली. पदर सारखा केला, बाहेर गेल्या आणि समोरच्या दाराची कडी वाजवली.

कर्णिकबाईंनी दार उघडलं. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. एकोणीस वर्षं समोरासमोर राहणारी ती शेजारीण लेलेबाईंना दारात बघून घाबरलीच. "काय झालं हो? बरं नाही का?"

"नाही नाही, बरं आहे सगळं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, पहिल्यांदा शाळेत आलेल्या मुलीसारखा. "माझ्याकडे पाहुणे येणार आहेत. मला जरा दोन पेले द्याल का?"

कर्णिकबाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग हात पुसले आणि दार पूर्ण उघडलं.

"पेले देते ना," त्या म्हणाल्या. "पण आधी आत येऊन बसा बघू."