करपलेली बिअर आणि पायलीभर मोहफुलं

बापूराव गुरुजींच्या तांदळाच्या कोठीत तीन दिवसांपासून बिअरची एक बाटली पडून होती, आणि गुरुजी हे धानोऱ्याच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते. जिल्ह्यात दारूबंदी येऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात गुरुजींनी दारूची पुष्कळ मडकी फोडली होती. त्यांचा जुना आदिवासी मित्र सुकलू याच्या घरचं एक मडकं तेवढं पूजेपुरतं म्हणून सोडलं होतं, आणि त्याबद्दल समितीत कुणी विचारलं की गुरुजींना ऐकू येत नसे.

बाटली त्यांच्या मुलानं, प्रफुलनं, पाठवली होती. प्रफुल इंजिनियर व्हायला जर्मनीला गेला आणि एका छोट्या बिअरच्या कारखान्यात नोकरीला लागला. तेव्हापासून गुरुजी त्याच्याशी बोलत नव्हते. त्याचा फोन आला की गुरुजींच्या पत्नी प्रेमिलाबाई बोलत आणि गुरुजी अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालत. चार वर्षांत ती तुळस कुजायची तेवढी राहिली होती.

प्रफुलचा मित्र भूपेश सुट्टीवर आला, तो बाटली टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. "काका, कडक आहे म्हणते तो. साधीच्या दुप्पट," एवढं सांगून त्यानं सोबतची चिठ्ठी दिली. चिठ्ठीत लिहिलं होतं : "बाबा, ही मी स्वतः केलेली पहिली बिअर. नव्या माणसानं आपली बिअर पाच जणांना चाखवून त्यांचं खरं मत आणायचं, असा इथल्या मालकाचा नियम आहे. चौघांचं मिळालं. पाचवं घरचं हवं. तुम्ही पीत नाही हे ठाऊक आहे. पण तोंडावर खरं सांगणारा दुसरा माणूस मला आठवला नाही."

शेवटच्या वाक्यानं गुरुजींची पंचाईत केली. मत नाही दिलं तर पोरगं तिकडे अडकणार, आणि द्यायचं तर चाखणार कोण? त्यांनी सुकलूला निरोप धाडला.

सुकलूच्या गावी गुरुजींनी बावीस वर्षं शाळा चालवली होती. प्रफुल सुकलूच्या अंगणातच लहानाचा मोठा झाला. त्या गावात कुणाची मोहाची दारू बिघडली की सुकलूला बोलावत. तो फार पीत नसे. जिभेवर चार थेंब घेई आणि लाकूड ओलं होतं की मडकं जुनं, ते सांगे.

सुकलू भर दुपारी आला. मागच्या दाराला कडी लावून गुरुजींनी बाटली काढली. पण दारूबंदीच्या गावात, त्यातही अध्यक्षांच्या घरात, बाटली उघडायचं हत्यार कुठून असणार? शेवटी प्रेमिलाबाईंनी अडकित्ता दिला. अडकित्त्याच्या ओढाताणीत बाटली चांगलीच हैराण झाली. झाकण उडालं तसा फेस उसळला आणि गुरुजींच्या पांढऱ्या सदऱ्यावरून धोतरापर्यंत उतरला. त्या फेसाचा धुरासारखा दाट वास घरभर पसरला.

त्याच वेळी पुढच्या दारातून समितीचा सचिव लटारू आत आला. त्याला सभेच्या नोटिशीवर सही हवी होती. गुरुजी बाटली घेऊन न्हाणीत शिरले.

लटारूनं नाक वर केलं. "काऊन जी बाई, भाजी जळली काय?"

प्रेमिलाबाईंच्या हातची भाजी तीस वर्षांत कधी करपली नव्हती. गावातल्या नव्या सुनांना त्यांचं नाव सांगत. त्यांनी एकदा न्हाणीच्या दाराकडे पाहिलं.

"हो भाऊ, जळली," त्या म्हणाल्या. "लक्षच नाई राह्यलं."

"तुमच्या हातची जळली?" लटारूला हे फार लागलं. "वय झालं बाई आता. सांभाळून करत जा." आणि सही न घेताच तो ही बातमी सांगायला निघून गेला.

न्हाणीतून बाटली बाहेर आली तेव्हा तिच्यात वाटीभर उरली होती. सुकलूनं आधी दोन थेंब आपल्या पूर्वजांसाठी जमिनीवर सोडले. मग थोडी चुलीतल्या निखाऱ्यांवर शिंपडली. पहिल्या धारेची चांगली मोहाची दारू त्यावर भडकून पेटते. इथे चर्र आवाज झाला आणि निखारे विझले.

"गुरुजी, हे कडक आहे म्हणता?"

"दुप्पट कडक म्हणे."

"पाण्यानं बी एवढी आग विझत नाई," सुकलू म्हणाला. मग त्यानं उरलेलं जिभेवर घेतलं आणि बराच वेळ डोळे मिटून बसला. गुरुजी बघत होते. आपण एवढे का घाबरलो आहोत ते त्यांना कळेना.

"सांग ना. कशी आहे?"

वाटी उपडी ठेवून सुकलू घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या उंबऱ्यावर पायलीभर सुकी मोहफुलं होती.

गुरुजी ओळखायचं ते ओळखून चुकले. लाकूड-मडक्याचा दोष सुकलू सांगे, पण कुणाची दारू करपली, म्हणजे करणाऱ्याचंच लक्ष नव्हतं, तर त्याच्या गावात ते तोंडावर सांगत नाहीत. आपल्या घरची फुलं नेऊन त्याच्या दारात ठेवतात. पुन्हा कर, एवढाच त्याचा अर्थ.

"म्हणजे पोराची जळली," संध्याकाळी सुकलूला गाठून गुरुजी म्हणाले. आवाजात समाधान आणायचं होतं, ते आलं नाही. "मी त्याले काय लिहू?"

"लिहाचं कायले? फुलं धाडून द्या. लहानपणापासून पाह्यलं आहे त्यानं."

"मी धाडू? दारू कराले फुलं? समितीचा अध्यक्ष आहो मी."

"गुरुजी, परक्याच्या दारात कोणी फुलं ठेवत नाई," सुकलू म्हणाला. "आपल्याच माणसाच्या ठेवतेत."

गुरुजी त्या रात्री जेवले नाहीत. भूपेश परत निघाला तेव्हा त्याच्या बॅगेत फुलांची पिशवी होती. चिठ्ठी नव्हती.

चार महिन्यांनी उत्तर आलं. "बाबा, पिशवी उघडली आणि मी तिथेच खाली बसलो. चौघांनी लिहिलं होतं, काय सुंदर धूर, जंगलात बसल्यासारखं वाटलं. कुणालाच कळलं नव्हतं. बिअरचं भिजवलेलं धान्य भट्टीवर वाळत घालून मी झोपलो होतो. ते करपलं. नोकरी जाईल हे धरूनच मालकाला खरं सांगून टाकलं. तर तो म्हणतो, चौघांना धूर आवडला ना, पुन्हा अगदी तशीच कर. तीनदा केली, जमत नाही. सुकलूकाकांना विचाराल का, कशी जाळायची?"

गुरुजींनी पत्र सुकलूला वाचून दाखवलं. न जळू देण्यात ज्याचा जन्म गेला, त्यानं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"जाळाचं काई शिकवा लागते का, गुरुजी?" अखेर तो म्हणाला. "मागं निजला होता. आता जागून करत असंन."

त्या दिवशी दारूबंदी समितीच्या अध्यक्षांनी चार वर्षांत पहिल्यांदा मुलाला पत्र लिहिलं. पाकीट चिकटवण्याआधी प्रेमिलाबाईंनी ते वाचलं, आणि डोळे पुसत पुसत हसल्या. पत्रात दोनच ओळी होत्या.

"चि. प्रफुल यास अनेक आशीर्वाद. सुकलूकाका म्हणतात, भट्टीपाशी बिनघोर झोप.

तिथे झोप येत नसेल, तर इकडे ये."