लिफ्टसाहेबांची किमान शिल्लक

सकाळच्या चहाला साहेब आले ते एटीएमची चिठ्ठी हातात नाचवतच. "जैसे थे!" त्यांनी दारातूनच जाहीर केलं. मग चिठ्ठीवर तारीख घातली, खाली सही ठोकली आणि ती स्वयंपाकघराच्या दारामागे टाचणीने लावली. तिथे अशा चिठ्ठ्यांची इतकी गर्दी झाली होती की दार आता भिंतीला टेकायचं नाव घेत नव्हतं.

"संध्याकाळी पुन्हा जाणार?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे काय! दिवसातून दोन तपासण्या. एक लोक वर चढताना, एक लोक खाली उतरताना."

साहेबांची अख्खी नोकरी लिफ्ट-तपासनीस म्हणून गेली होती. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये नववा शिरला की साहेब त्याला दंडाला धरून बाहेर काढत, मग तो स्वतःच्या लग्नाला निघालेला का असेना. एकदा तसं झालंही होतं. नवरदेव पाच मजले चढून घामाघूम होऊन पोचला आणि मुलीकडच्यांना वाटलं, हा पळून जाता जाता परत आला. तेव्हापासून सगळे त्यांना लिफ्टसाहेब म्हणत, आणि साहेबांना ती पदवी वाटे.

बाईंचा धंदा मात्र रस्त्यावरचा. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक गाडी, दोन जोडी ब्रेक आणि एक आवाज, एवढ्या भांडवलावर त्यांनी निम्म्या शहराला गाडी शिकवली होती. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी स्कूल चांगल्या किमतीला विकलं आणि पैसे स्वतःच्या नावावर ठेवीत टाकले. "तुझ्या पैशाला हात लावायचा नाही," साहेबांनी तेव्हाच ठणकावलं होतं. "ते औषधपाण्याला. घर चालवायला मी खंबीर आहे."

आता हे खंबीर गृहस्थ परदेशी निघाले होते, आणि तेही बायकोसाठी. बाईंची थोरली बहीण समुद्रापलीकडच्या एका लहानशा गावात राहायची. यजमान गेल्यापासून ती एकटीच होती. तिच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर रिकामं झालं आणि तिने फोन केला, "ये ना गं. मालक वर्षअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय." लग्नं झाल्यापासून दोघी बहिणी एका गावात राहिल्याच नव्हत्या. त्या रात्री बाई जेवल्या नाहीत, नुसत्या हसत बसल्या. साहेबांनी ते पाहिलं आणि सकाळी उठून बाईंना घेऊन व्हिसाचं कार्यालय गाठलं.

तिथल्या कारकुनाने नियम सांगितला: निवृत्तांना तिकडे राहायचं तर अर्जदाराच्या खात्यात सलग तीन महिने किमान वीस लाख शिल्लक हवी. कारकून पुढे बरंच काही सांगत होता, पण साहेबांनी येताना तिथल्या लिफ्टमध्ये मुदत संपलेलं प्रमाणपत्र पाहिलं होतं. "आलोच," म्हणून ते उठले ते अर्ध्या तासाने तेलाचे हात पुसत आले. उरलेलं सगळं बाईंनी ऐकून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी खात्यात वीस लाख भरले. बरोबर वीस.

"अहो, थोडं वर टाका की," बाई म्हणाल्या.

"वर कशाला? वीस सांगितलेत ना?"

"पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावं माणसाने. कोण कधी ब्रेक मारेल, सांगता येतं का?"

"बँक म्हणजे रस्ता नाही. मर्यादा म्हणजे मर्यादा!" जन्मभर ज्या माणसाने फक्त 'जास्तीत जास्त' पाहिलं, त्याला 'कमीत कमी' कसं कळावं? साहेब एवढ्यावर थांबले नाहीत. खात्यावर व्याज जमलं तर आकडा वीसच्या वर जाईल, म्हणून व्याज परस्पर पेन्शनच्या खात्यात वळवायचा अर्जही त्यांनी देऊन टाकला. अर्ज घेताना कॅशियर मुलीने दोनदा विचारलं, "काका, नक्की ना?" साहेब म्हणाले, "मी लिफ्टवाला आहे, मुली."

मुलीने, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मुलीने, फोनवर सुचवूनही पाहिलं. "बाबा, शिल्लक मोबाइलवर फुकट दिसते. रोज एटीएमला कशाला खेपा घालता?"

"मोबाइलवर कुणीही काहीही दाखवेल. मला कागद हवा." आणि कागद दारामागे वाढत गेले.

तीन महिने भरत आले. मालकाची मुदत संपायला चार दिवस उरले, बॅगा माळ्यावरून खाली उतरल्या, ताईंनी तिकडे पडद्यांची मापं घेतली. आणि त्या सकाळी साहेब हातात चिठ्ठी धरून आले, पण 'जैसे थे' म्हणाले नाहीत.

"चोरी झाली," ते म्हणाले.

"किती गेले?"

"किती ते महत्त्वाचं नाही! गेले!"

बाईंनी चिठ्ठी पाहिली. वीस लाखांतून गेलेली रक्कम साहेबांच्या महिन्याच्या पानतंबाखूलाही पुरली नसती. पण शिल्लक वीसच्या खाली होती, हे खरं होतं. "शुल्कबिल्क काही कापलं असेल," बाई म्हणाल्या.

"माझ्या खात्यातून? रोज दोनदा तपासतोय मी! कुणाची हिंमत आहे?" साहेबांनी पायात चपला सरकवल्या आणि तरातरा बँक गाठली.

मॅनेजर चौथ्या मजल्यावर बसत. लिफ्ट आली तर आत खच्चून माणसं. साहेबांनी बाहेरूनच मोजली, दोन जादा. इतर दिवशी त्यांनी दोघांना उतरवलं असतं, पण आज वेळ नव्हता. ते तत्त्वाला जागून जिन्याने निघाले. वर पोचेपर्यंत त्यांचा संताप शाबूत होता, पण श्वास संपला होता. मॅनेजरच्या टेबलाला धरून ते नुसतेच "चो... चो..." करत राहिले. मॅनेजरने भल्या मनाने चहा मागवला.

शेवटी कॅशियर मुलीलाच वर बोलावलं. तिने खातं उघडलं, वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. "काका, एटीएमवर शिल्लक बघणं महिन्यात पाच वेळा फुकट असतं. पुढच्या प्रत्येक वेळेला शुल्क लागतं. ते तीन महिन्यांनी एकदम कापलं जातं. काल रात्री कापलंय."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुमच्यासाठी मी ते परत जमा करतो," मॅनेजर म्हणाले. "पण काल शिल्लक खाली गेली ती गेली. ती मला वर कशी आणता येईल?"

"मग तसं लेखी द्या! बाकी तीन महिने शिल्लक बरोबर होती, असं प्रमाणपत्र द्या मला!"

प्रमाणपत्र मिळालं. साहेबांनी ते घेऊन सवयीने खालच्या एटीएममधून चिठ्ठी काढली. प्रमाणपत्राचं शुल्क त्याच खात्यातून कापलं गेलं होतं. आणि ही चिठ्ठी काढण्याचंही कापलं जाणार होतं, हे त्यांना चिठ्ठी हातात आल्यावर आठवलं.

तिथून त्यांनी तडक व्हिसा कार्यालय गाठलं. कारकुनाने प्रमाणपत्र आदराने वाचलं आणि आदराने परत केलं. "काका, तुम्ही पहिल्या दिवशी बाहेर गेला होता तेव्हाच सांगितलं होतं मी. एक दिवस जरी खाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

साहेब घरी आले तेव्हा दिवे लागले होते.

"सापडला का चोर?" बाईंनी विचारलं.

"सापडला," साहेब म्हणाले. "रोज दोनदा एटीएममध्ये जायचा." ते खुर्चीत बसले, आणि मग त्यांच्याने राहवेना. "तुझं घर गेलं गं माझ्यापायी. आता ताईंना कोणत्या तोंडाने सांगू? तू म्हणाली होतीस, थोडं वर टाका. मी ऐकलं नाही."

आपला नवरा असा पडेल आवाजात बोललेला बाईंनी कधी ऐकला नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्या उठल्या, कपाट उघडलं आणि विकलेल्या गाडीच्या जुन्या कागदांखालून आपलं पासबुक काढलं. दुपारीच बँकेच्या मशीनमध्ये घालून त्यांनी ते भरून आणलं होतं.

साहेबांनी चष्मा लावला. बावीस लाख, आणि वर व्याज. तीन महिन्यांत एक पैसा हललेला नव्हता.

"हे कधी केलंस?"

"तुम्ही तेलाचे हात करायला गेलात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेव मोडून खात्यात टाकले. कारकून म्हणाला, अर्ज दोघांपैकी कुणीही केला तरी चालतो. म्हटलं, असू दे. गाडीत स्टेपनी ठेवतोच ना आपण?"

"आणि इतके दिवस बोलली नाहीस?"

"गाडी नीट चालू असताना कुणी स्टेपनी काढून दाखवतं का? शिवाय तुमचं 'जैसे थे' ऐकायला मला आवडायचं हो."

"आणि हे तपासलंस किती वेळा?"

"आज दुपारपर्यंत एकदाही नाही. म्हणून तर वाढले!"

दुसऱ्या दिवशी व्हिसा कार्यालयात बाईंनी अर्ज भरला. दुसऱ्या पानावर साहेबांचा रकाना होता: 'अर्जदारावर अवलंबून असलेली व्यक्ती'. ज्या सहीने एकेकाळी बारा मजली इमारतीतल्या लिफ्ट बंद पडायच्या, ती सही साहेबांनी त्या रकान्यात थोडा वेळ तोलून पाहिली. मग निमूटपणे केली.

"बावीस म्हणजे दोन जादा होतात," त्यांनी कारकुनाला हळूच विचारलं. "अडचण नाही ना?"

"जादा कधीच अडचण नसते, काका," कारकून म्हणाला आणि शिक्का मारला. "फक्त तिकडे गेल्यावरही शिल्लक वीसच्या खाली जाऊ देऊ नका."

खाली यायला लिफ्ट आली. आत सात माणसं. बाई आठव्या. साहेब सवयीने मागे सरले, पण बाईंनी त्यांच्या बाहीला धरून आत ओढलं. घंटा ठणाणा वाजू लागली. सगळे साहेबांकडे पाहू लागले. साहेबांनी मान खाली घातली आणि ते बाहेर निघणार, एवढ्यात बाई दाराशी उभ्या असलेल्या जिमवाल्या तरुणाला म्हणाल्या, "बाळा, तू जिन्याने येतोस का? हे माझ्यावर अवलंबून आहेत."

तरुण हसत उतरला. घंटा थांबली. साहेब कोपऱ्यात उभे राहून, जन्मात पहिल्यांदाच, भिंतीवरचं प्रमाणपत्र न वाचता खाली आले.

रस्त्यात बाईंनी ताईंना फोन लावला. "ताई, पडदे शिवायला टाक. घर घेतलं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "हो, यांनाही आणतेय."

वाटेत कोपऱ्यावर एटीएम लागलं. साहेबांची पावलं जराशी मंदावली.

"अगं, तुझं कार्ड आणलंयस का? नाही, म्हटलं, आत्ताच शिक्का बसलाय, तर एकदाच..."

बाईंनी फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हाताने त्यांचं कोपर पकडलं आणि शिकाऊ माणसाचं स्टिअरिंग फिरवावं तसं त्यांना अलगद समोरच्या फुटपाथवर घातलं.