चाचणीसाठीच, वापरू नये

उन्मेष देवस्थळी यांची बदली कोलकात्याहून नाशिकला झाली आहे. आदेश निघाला, नाशिकच्या कार्यालयात दारावर त्यांच्या नावाची पाटी लागली, तिथल्या शिपायाने खुर्चीही पुसून ठेवली. बदलीत नाव ठेवायला कुठेच जागा नाही. देवस्थळी तेवढे अजून कोलकात्यात आहेत.

यात दोष कोणाचाच नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच शेवटपर्यंत शोधत बसाल.

उन्मेष ज्या केंद्रात नोकरीला आहे तिथे ‘निर्विघ्न’ नावाची संगणकप्रणाली तयार होते. ती मुक्त प्रणाली आहे, म्हणजे कुणीही फुकट घ्यावी, उघडून आत डोकावावं, वाटेल तशी बदलावी. फुकट घ्यायला लोक येतात. आत डोकावायला अजून कुणी फिरकलेलं नाही. या प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. यंत्र चालू केलं की सगळ्यांत आधी तो उठतो आणि मग बाकीच्यांना हाका मारमारून उठवतो, घरातल्या आईसारखा. जगभरची माणसं तो लिहितात. केंद्र तो आणतं, आपल्या यंत्रांना चालेलसा बांधतं आणि त्यावर आपली डिजिटल मोहोर उठवतं. मोहोर नसलेला कर्नल आला तर यंत्र त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवतं. आणि मोहोर उठल्यावर आतलं एक अक्षर जरी हललं, तरी मोहोर मोडते. एवढं लक्षात ठेवा, बाकी काही कळलं नाही तरी चालेल. केंद्रातही तसंच चालतं.

ही मोहोर उठवण्यासाठी एक टोकन लागतं, दिसायला पेन ड्राइव्हचा धाकटा भाऊ. टोकन उन्मेषच्या ताब्यात आणि त्याचा पिन त्याचे सहकारी मृणाल घोषाल, म्हणजे सगळ्यांचे मृणालदा, यांच्या डोक्यात, अशी वाटणी होती. ती केली होती केंद्राचे संचालक दत्तात्रय खांबेटे यांनी. साहेबांची उभी हयात बँकेत गेलेली. तिजोरी उघडायची तर दोन किल्ल्या आणि दोन अधिकारी, म्हणजे एकट्याला मोह व्हायला नको, हा त्यांचा धर्म.

“साहेब, कर्नलचा मोह कुणाला होणार?” उन्मेषने एकदा विचारलं होतं.

“देवस्थळी, मोह काय सांगून होतो?” साहेब म्हणाले होते, आणि मराठीतून म्हणाले होते. खांबेटेसाहेब होकार नेहमी इंग्रजीत देत आणि नकार मराठीत. नकार आपल्या माणसाच्या तोंडून आपल्या भाषेत आला की कमी लागतो, असं त्यांचं मत होतं.

बदलीचा आदेश आला एप्रिलमध्ये. कोलकात्यातल्या बेहाला भागातल्या फ्लॅटमध्ये उन्मेषच्या बायकोने, अनुराधाने, तो वाचला आणि त्याच आठवड्यात ट्रक बोलावला. तिचा हिशेब सरळ होता. हा माणूस स्वतःहून हलायचा नाही. सामान हललं की मागोमाग जाईल. पलंग गेला, फ्रिज गेला, कुकर गेला, पंखे गेले. मागे राहिली एक कढई, तीन ताटं, एक सतरंजी आणि देवघरातला बाळकृष्ण, कारण देवाला ट्रकमधून पाठवत नाहीत.

“आई, फ्रिज कुठे गेली?” आभा म्हणाली. तिचा जन्म इथलाच, आणि बंगालीत तो-ती असा भेद नाही.

“फ्रिज गेला, म्हणावं.”

“हो, पण कुठे गेली?”

“नाशिकला गेली,” अनुराधाने हात टेकले. “आणि तुझीही नवी शाळा आहे तिथे, जूनमध्ये. तिथे नीट शिकशील मराठी.”

उन्मेष कार्यमुक्तीचा अर्ज घेऊन साहेबांसमोर उभा राहिला.

“टोकन सोपवा आणि खुशाल जा,” साहेब म्हणाले. मराठीतून म्हणाले, तेव्हाच उन्मेषने अर्जाची घडी घातली. “फक्त एखादा कर्नल प्रलंबित असेल, तर टोकन हलवता येणार नाही. हिशेब लागायच्या आत तिजोरीची किल्ली कुणी हलवतं का?”

एक कर्नल प्रलंबित होता. जुन्याला एक भोक सापडलं होतं. कुठला कोण चोर घरबसल्या यंत्राचा ताबा घेऊ शकला असता. नवा कर्नल ते बुजवणार होता. बांधून तयार होता, मोहोर तेवढी उठायची होती. उन्मेष टोकन घेऊन मृणालदांच्या टेबलाशी गेला.

मृणालदा रोज बराकपूरहून सियालदाची गाडी पकडून येत. यायचे वेळेवर, आणि आल्यावर कशाचीही घाई नाही. त्यांनी मातीच्या कपातला, म्हणजे तिथल्या ‘भांड’मधला चहा पुढे केला आणि विचारलं, “चाचणी झाली?”

“कशी होणार? मोहोर नाही, म्हणून चाचणीचं यंत्र त्याला आत घेत नाही.”

“मग मोहोर उठवा ना.”

“पिन तुमच्याकडे आहे, मृणालदा.”

“आरे बाबा, चाचणी झाल्याशिवाय मी पिन कसा टाकणार? एकदा मोहोर उठली की जन्माची जबाबदारी. मला अजून पोरीचं लग्न करायचंय.”

म्हणजे मोहोर नाही म्हणून चाचणी नाही, आणि चाचणी नाही म्हणून मोहोर नाही. उन्मेषने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ट्रक नाशिकला पोचलेला.

खांबेटेसाहेबांनी बैठक घेतली. चाचणीच्या यंत्रावरची मोहोर-तपासणी तात्पुरती बंद करावी, असं ठरलं. तशी ती केली. कर्नल आत गेला, तुरुतुरु चालला. मृणालदांनी मान हलवली. ज्या यंत्रावर तपासणी बंद आहे, ते आपलं प्रमाणित यंत्रच नव्हे. त्यामुळे ही चाचणी दुसऱ्याच कुठल्या यंत्राची झाली. साहेबांना हे इतकं पटलं की त्यांनी इंग्रजीतून मृणालदांचं अभिनंदन केलं.

जून गेला. नाशिकच्या शाळेच्या मुख्याध्यापिका भल्या बाई. दिवाळीच्या सुट्टीनंतर, दुसऱ्या सत्राला मुलगी हजर झाली तरी चालेल, पुढे मात्र जागा राहणार नाही, असं त्यांनी कळवलं. इकडे मृणालदांना काहीही विचारलं की एकच उत्तर यायला लागलं: “पूजोर पोरे.” दुर्गापूजेनंतर. कोलकात्यात हे उत्तर सगळ्या प्रश्नांना लागू पडतं. सतरंजीवर झोपून अनुराधाची पाठ धरली आणि नाशिकला दिराच्या घरी तिचा पलंग उभा करून ठेवला गेला.

“तुम्हा लोकांची गंमत वाटते,” एक दिवस चहा पिताना मृणालदा म्हणाले. “आमच्या पूर्वजांनी बागबाजारपासून खंदक खणायला घेतला होता, मराठे आत येऊ नयेत म्हणून. अर्धा खणून झाला, पण मराठे काही आलेच नाहीत. आणि आता एक मराठा आपल्या पायांनी बाहेर जायचं म्हणतोय, तर त्याला जाता येत नाही!”

उन्मेषला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं. आणि हसता हसता त्याला ती कल्पना सुचली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्याचं श्रेय त्याच्याकडून कुणी हिरावून घेऊ नये.

“मृणालदा, कर्नलच्या नावातच लिहू या, ‘चाचणीसाठीच, वापरू नये’. मग उठवाल मोहोर?”

मृणालदांनी भांड खाली ठेवलं. “वापरूच नये म्हटल्यावर जबाबदारी कसली! आणा टोकन.”

पूजेच्या आदल्या दिवशी दोघं शेजारी बसले. उन्मेषने टोकन खोचलं, मृणालदांनी हाताचा आडोसा करून पिन टाकला, मोहोर उठली. प्रमाणित यंत्राने कर्नलला पायघड्या घातल्या. चाचणी पास! भोक बुजलं! उन्मेषने तिथूनच फोन लावला. “अनू, सुटलो! दिवाळी नाशिकला!” अनुराधा नुसती रडली, आणि मग शेजारच्या काकीमांकडे जाऊन संदेश मिठाई वाटून आली.

पूजा संपली. उन्मेष साहेबांकडे गेला. “आता फक्त ते ‘वापरू नये’ काढतो आणि सगळीकडे पाठवून देतो.”

“काढल्यावर मोहोर मोडेल ना?”

“पुन्हा उठवू.”

“म्हणजे तो नवा कर्नल झाला. त्याची चाचणी झाली आहे?”

“साहेब, नाव तेवढं वेगळं! आत तोच आहे!”

खांबेटेसाहेब मराठीत उतरले. “देवस्थळी, धनादेशावर खाडाखोड झाली तर बँक काय करते? आतली रक्कम तीच आहे म्हणून वटवते?”

बाहेर मृणालदांनीही कानांवर हात ठेवले. वापरू नये असलेल्या कर्नलला त्यांनी पिन दिला होता. वापरावा असलेल्या कर्नलला देणार नव्हते. उन्मेषने डोकं धरलं. शेवटी साहेबांनीच तोड काढली. चाचणी झालेला, मोहोर असलेला कर्नल हाताशी आहे, तर तोच पाठवावा. नाव काय, नावात काही नसतं.

आणि देशभरातल्या शाळांना, वाचनालयांना, ग्रामपंचायतींना आणि फुकट मिळते म्हणून घरच्या यंत्रावर ‘निर्विघ्न’ टाकून घेतलेल्या सुजाण नागरिकांना निवेदन गेलं: ‘नवा कर्नल “चाचणीसाठीच, वापरू नये” उपलब्ध झाला आहे. सर्वांनी तातडीने वापरावा.’

“आता सोडा साहेब मला,” उन्मेष म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता आणि त्याला त्याची लाजही उरली नव्हती.

“सोडतो की. उपयोगिता प्रमाणपत्र आलं की लगेच. पाठवला म्हणजे पोचला असं नाही. निदान अर्ध्या यंत्रांनी घेतला की प्रलंबित संपलं. पडद्यावर आकडा दिसतोच आहे, बघत राहा.”

उन्मेषने बघितला. आकडा एक होता. ते चाचणीचं यंत्र होतं.

त्याने फोनाफोनी सुरू केली. एका वाचनालयाचे ग्रंथपाल म्हणाले, “वापरू नये असं स्पष्ट लिहिलंय. आम्ही लिहिलेलं पाळणारी माणसं आहोत.” एका शाळेतल्या बाई म्हणाल्या, परीक्षा होऊ देत. मृणालदांनी स्वतःच्या यंत्रावर घेतला नव्हता. पिन कुणी टाकला होता हे त्यांना ठाऊक होतं. खांबेटेसाहेबांच्या यंत्रावर नवा कर्नल घ्या म्हणणारी चौकट रोज उगवत होती, आणि रोज नेमकी बैठक असायची.

दिवाळी आली. बेहालाच्या त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये अनुराधाने कढईत चकल्या तळल्या. तळता तळता तिने विचारलं, “अर्ध्या म्हणजे सगळी मिळून, ना? आपलं घरचं यंत्र धरून?”

“हो. का?”

“आपल्यावर घेतलास?”

उन्मेष एकदम चकल्या मोजायला लागला. तिने हात पुसले आणि लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात चौकट होती. नवा कर्नल आला आहे. दोन बटणं: ‘आता’ आणि ‘उद्या’. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की आपण या आधी बऱ्याच वेळा ‘उद्या’ निवडलं आहे.

“अरे, तू बांधलास ना हा? तुझ्या हातांनी?”

“चालत्या यंत्राला कशाला हात लावायचा, म्हटलं,” उन्मेष पुटपुटला. “माझं काम असतं त्याच्यावर. मध्येच बंद-चालू करावं लागतं. करणारच होतो, उद्या.”

अनुराधाने लॅपटॉप मिटला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसायला लागली, मग हसता हसता रडली, आणि चकली करपली. भाऊबीज झाल्यावर ती आभाला आणि बाळकृष्णाला घेऊन हावड्याहून गाडीत बसली. शाळा थांबणार नव्हती. खिडकीतून आभाने हात हलवला. “बाबा, तू कधी येशील?”

“येतोच की.” त्याला ‘उद्या’ म्हणवेना.

त्या रात्री घरी येऊन उन्मेषने ‘आता’ दाबलं. यंत्र बंद झालं, चालू झालं, चहा गाळून होतो तेवढा वेळ लागला. काहीही बिघडलं नाही. आकडा दोन झाला. आता तो रोज सतरंजीवर बसतो, कढईत खिचडी लावतो, नाशिकला फोन करून आभाचं मराठी ऐकतो आणि आकडा बघतो. आभा हल्ली फ्रिज गेला म्हणते. आपल्याला मुलीच्या व्याकरणासाठी रडू यावं, याचं त्याला नवल वाटतं.

दोष कोणाचाच नाही, असं मी सुरुवातीला म्हणालो होतो. ते खांबेटेसाहेबांना आणि मृणालदांना वाईट वाटू नये म्हणून म्हणालो होतो.

तुमच्या यंत्राच्या कोपऱ्यात गेले कित्येक दिवस एक लहानशी चौकट येतेय. नाही, नीट आठवा. आजही आली होती. ती कोणी पाठवली, कशासाठी पाठवली, हे तुम्ही वाचलेलं नाही, कारण वाचायच्या आतच तुमचं बोट उजवीकडच्या बटणावर जातं. बेहालातल्या त्या माणसाचा तुमच्यावर राग नाही. तो कोणत्या तोंडाने रागावेल? चहा गाळून होतो तेवढाच वेळ लागतो, एवढाच त्याचा निरोप आहे. गोष्ट तर वाचून झाली. मग, दाबताय ना?

बरं. उद्या.