टाकमरची हिमनदी भिंतीवर आटली, त्याची बखर

स्वस्ति. लडाख मुलखी, आकाशास लागून असलेल्या टाकमर गावी, जव पेरणीचे ऐन हंगामी जे तुंबळ युद्ध जाहले, ज्यात तलवार म्यानातून निघाली नाही कारण तलवारही नव्हती आणि म्यानही नव्हते, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. वाचणारांनी हसू आवरावे. न आवरल्यास खुशाल हसावे, परंतु कागद अर्धा टाकून उठू नये.

टाकमरची शाळा अकरा मुलांची, आणि तिची सरदारकी यांगडोल मॅडम यांजकडे. बाई बुद्धीने तल्लख, जबानीने गोड, आणि हट्टास पेटल्या तर याकानेही वाट सोडावी. त्या साली चार घरच्या आईबापांनी खलबत केले की, लेहच्या शाळेत विद्या संगणकावर मिळते, येथे खडूवर, तरी पोरे लेहच्या वसतिगृहात घालावी. चार गेली म्हणजे सात उरतात, आणि सातांच्या शाळेस वरून कुलूप येते, हे मॅडम पक्के जाणून होत्या. त्यांची झोप उडाली. मग चौघांचे म्होरके आचो, म्हणजे दादा, गुर्मेत, टॅक्सीवाले, यांनी मॅडमांस वाटेत गाठून तोफ डागली; त्यात 'ले' म्हणजे तिकडचे 'जी'.

"मॅडमले, राग मानू नका. पण तुमच्या त्या पृथ्वीच्या गोळ्याला आपल्या लडाखवरच भोक पडलंय. त्यावरून माझी लेक कुंझेस काय आकाश शिकणार?"

"भोक नाही हो, झीज आहे. इतकी वर्षं पोरं तिथंच बोट ठेवून 'आपण इथं' म्हणतायत! शनिवारी दुपारी या, धडा बघा. मग न्यायचं तर न्या."

येणेप्रमाणे रणाचा दिवस मुक्रर जाहला. आणि मॅडमांनी गोंपातून, म्हणजे गावच्या मठातून, प्रोजेक्टर मागून आणविला, आणि भिंतीस चुना दिला, आणि सौर बॅटरी तीन दिवस उन्हात पोसली. मुख्य हत्यार म्हणजे इंटरनेटवरील एक संकेतस्थळ, जेथे मूल आपले हाते ग्रह जवळ ओढी, उपग्रह फिरवी, हवेचा ताप कमीजास्त करी आणि पन्नास सालांचे फळ एका घटकेत पाही.

शनिवारी पालकांची फौज दाखल जाहली आणि लोणी घातलेल्या चहाच्या पेल्यांसह भिंतीपुढे तळ देऊन बसली. मग अकरा वर्षांच्या कुंझेसने शुक्र जवळ ओढला आणि तो धुराची गोधडी पांघरून कैसा भट्टी जाहला हे सांगितले. सभेत माना डोलल्या. मग तिने उपग्रह स्वदेशी वळविला, आणि तो समुद्र ओलांडून किनाऱ्यास लागतो न लागतो तोच जागीच गोठला. पडद्यावर चक्र फिरू लागले आणि फिरतच राहिले.

सबब अशी की, त्याच दुपारी लेहास तिरंदाजीचे सामने होते, आणि टाकमरात फोनला रेंज फक्त छपरावर, म्हणोन उरला अवघा गाव छपरी चढून सामने पाहात होता. टॉवर एक, तोंडे चाळीस, आणि शाळेचे इंटरनेटही त्याच टॉवरावर. मॅडमांचे तोंड पांढरे पडले.

"झालं?" आचो गुर्मेत पेला खाली ठेवीत बोलले. "लेहला असं नसतं."

त्या सभेत मेमे, म्हणजे आजोबा, मुतुप बसले होते. हे गावचे चुरपोन, म्हणजे हिमनदीच्या पाण्याची पाळी ठरविणारे. कोणाचा पाट कधी फोडावा आणि कोणाचा माती-दगडाने बुजवावा, यात त्यांचा शब्द शेवटला. आले होते निव्वळ चहास. त्यांनी विचारिले, "हे अडलं कुठं?"

"टॉवरची एकच धार आहे, मेमेले. सगळे एकदम ओढतायत," मॅडम बोलल्या.

"मग आत्ता पाळी कोणाची?"

"पाळी अशी कोणाचीच नाही."

"पाळी नाही?" मेमे ताडकन उठले. "एक धार, चाळीस तोंडं, आणि पाळी नाही? माणसं राहतात का या गावात, का गाढवं?"

आणि खासे मेमे फावडे खांद्यावर टाकून मोहिमेस निघाले. आणि पहिले छप्पर घेतले, आणि मग दुसरे, आणि फोन बंद करवून ज्याचे त्याचे हाती देत पुढे सरकले. एका छपरावर तिघांनी मोर्चा धरून रदबदली केली की, मेमेले, शेवटचा बाण! मेमे वदले, "लागला तर गाव ओरडेलच. बंद करा." एका छपरावर आबी, म्हणजे आजी, देस्किट फौजेतल्या लेकाशी बोलत होत्या, तेथे मेमे फावडे टेकून मुकाट उभे राहिले आणि आबींचे बोलणे संपल्यावरच पुढे गेले. घटकाभरात चाळीसही तोंडे बुजली.

मग धार सुटली! उपग्रह पर्वत ओलांडून आला आणि भिंतीवर टाकमर प्रगटले. पालक पेले टाकून भिंतीशी धावले. आचो गुर्मेतांस आपली टॅक्सी काही सापडेना, परंतु शेत सापडले, आणि त्यांनी त्यावर पोरांसारखे बोट ठेविले.

पुढे हिमनदीचा डाव मांडिला. तापाचा काटा हलविण्याचा पहिला मान मेमेंस दिला. मेमेंनी जराही न अडखळता काटा थेट टोकास नेला. कारण साठ वसंत त्यांनी एकच मागणे मागितले होते की, ऊन कडक पडो, बर्फ लवकर सुटो, पेरणीस पाणी येवो. भिंतीवर पाट तुडुंब वाहिले, शेते हिरवी जाहली, आणि पालक ओरडले, "वा, मेमेले!"

सालांचा आकडा पळत होता. विसावे साल लागले तो पाट बारीक जाहले. तिसावे लागले तो डोंगर उघडा पडला. मेमेंनी घाईने काटा मागे ओढिला. ताप उतरला, बर्फ परतले नाही.

"घाबरू नका, मेमेले," कुंझेस बोलली. "हे बटण दाबलं की पुन्हा पहिल्यापासून."

"वरच्या खऱ्या बर्फाला आहे का हे बटण?"

कुंझेसने मॅडमांकडे पाहिले. मॅडमांनी 'नाही' म्हणोन मान हलविली.

"साठ वर्षं मी ऊन मागितलं," मेमे हळू बोलले. "कोणी सांगितलं नाही. हिला तरी नीट शिकू दे, गुर्मेत. इथंच शिकू दे. बर्फ इथं आहे, लेहला नाही."

आचो गुर्मेत उठले. मग त्यांनी आपला फोन काढून स्वतः बंद केला.

तेव्हा मेमेंचे फर्मान सुटले ते येणेप्रमाणे. रोज दुपारी एक तास टॉवरची पाळी शाळेची. त्या तासात छपरी चढेल त्याने गावचा पाट एकट्याने उपसावा. उजूर चालणार नाही.

ऐसी टाकमरची फत्ते जाहली. शाळेत अकरा होती, अकराच राहिली. पडले कोणी नाही. जखमी एक, मेमे मुतुप. घाव कोठे लागला तो वैद्यास दिसत नाही. रोज दुपारी ते मुलांच्या मागे येऊन बसतात, काटा हाती मागून घेतात, आणि तो अगदी खाली ठेवून पन्नासही साले संपेतो हलत नाहीत.