ढग आला की गप्प होणारे बापू

आर्या, निनाद, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या मागे कोण बाई बोलतेय?" मी "शेजारचा कर्णा" म्हणून विषय बदलला. अर्धवट सांगणं मला आवडत नाही, म्हणून आता लिहिते.

आमचे शेजारी बापू बोलता बोलता ढग आला की थांबतात. तोंडातला शब्द तोंडात, बोट वर, नजर छपरावर. गडमुडशिंगीत नवीन आलेल्याला वाटतं, म्हाताऱ्याला झटकाच आला.

छपरावर सोलरचं पॅनेल आहे आणि थेट त्यालाच जोडलेला कर्णा. मध्ये बॅटरी नाही. ऊन पडलं की तो आपोआप बोलू लागतो, "माय-बहिणींनो, सूर्व्याला बिल न्हाय! घराघरात सोलर आणू, मला मत द्या!" आवाज बापूंच्या बायकोचा, सुशीलाचा. ती सरपंचपदाला उभी होती तेव्हाचा. ती हरली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात गेली. आवाज मात्र अजून मतं मागतो. ढग आडवा आला की तो विहिरीत उतरल्यासारखा खोल जातो आणि तुटतो. ऊन आलं की पुन्हा पहिल्यापासून. भर दुपारी, रिकाम्या गल्लीत अंगावर काटा येतो.

"बाई, भिताय व्हय?" बापू मला हसतात. "जित्ती हुती तवा कवा भ्याला न्हाईसा!"

यंदा पंचायतीचा नवा उमेदवार सोलरच्या प्रचाराला आला. कर्णा ऐकून आधी तोही दचकला, मग त्याचे डोळे चमकले.

"बापू, मोठी बॅटरी देतो. काकूंचं वाजू द्या, त्यामागं माझं भाषण. ढगात तुटायचं न्हाय, रातभर चालंल. रोज शेवटपतूर ऐका की!"

बापूंची नजर छपरावर गेली. ढगांच्या दिवसांत शेवट त्यांना फार क्वचित ऐकायला मिळतो, हे मला ठाऊक होतं. तेवढ्यात ढग आला. सुशीलाचा आवाज खोल गेला, तुटला. उमेदवार, त्याची माणसं, सगळे वर बघत उभे. पानसुद्धा हलत नव्हतं.

ऊन आलं. ती पुन्हा पहिल्यापासून बोलली आणि या खेपेला शेवटपर्यंत पोचली. मतं मागून झाली, खरखर झाली, आणि अगदी हळू, घरातल्या आवाजात ती म्हणाली, "अवो, झालं न्हवं? बंद करा की ते. च्या गार झाला."

भाषण रेकॉर्ड केलं त्या दिवशी बापू यंत्र बंद करायला विसरले होते.

"आलो गं," बापू छपराकडे बघून म्हणाले. उमेदवाराच्या एका माणसाने चप्पल हातात घेऊन फाटक गाठलं.

मग बापू उमेदवाराकडे वळले. "पावणं, बॅटरी नगं. दिवसभर वरडून दमती ती. सांज झाली की गप पडू द्या तिला."

उमेदवार निवडून आला. गल्लीत सोलरचे दिवे लागले. बापूंच्या छपरावर पॅनेल आहे, कर्णा आहे, सुशीलाचा आवाज आहे. बॅटरी अजून नाही.