बिनशिक्क्याची चांदी

"शिक्का नसला म्हणून काय झालं? धातूलाही तोंड असतं, फक्त त्याला बोलतं करता आलं पाहिजे!"

असं जाहीर करून भिंगूनं लिलावातून आणलेलं खोकं जेवणाच्या टेबलावर दणकन आदळलं. आत्यानं आधी टेबलाला पोचा पडला का ते पाहिलं आणि मग खोक्यात डोकावलं.

भिंगू म्हणजे घरातली रसायनशास्त्राची ताजी ताजी पदवीधर. गळ्यात कायम भिंग. ताटात मीठ वाढलं तरी आधी त्याचे स्फटिक तपासायची, तोवर भाजी थंडगार! खोक्यात एका बंद पडलेल्या क्लबाची भांडी होती. एक साखरदाणी आणि लोणी लावायच्या काही सुऱ्या. सगळी अशी काळीकुट्ट, जणू कोळशाच्या खाणीतच जन्मली होती. कुठेही शिक्का नाही, म्हणून लिलावात कुणी हात वर केला नव्हता. भिंगूनं दोन्ही केले.

"जर्मन सिल्व्हर," आत्यानं निकाल दिला. म्हणजे ज्यात नाव सोडून कुठेच चांदी नसते, तो धातू.

"चांदी आहे! पैज!"

आत्याचे डोळे चमकले. ती घरीच कपडे शिवायची आणि उजेडासाठी बाल्कनीवर तिचा कधीपासूनचा डोळा होता. पण बाल्कनीत भिंगूची प्रयोगशाळा होती. बाटल्या, नळ्या, एक स्पिरिटचा दिवा आणि 'हात लावू नये' अशी पाटी.

"नाही निघाली चांदी, तर माझं मशीन बाल्कनीत आणि तुझ्या बाटल्या भंगारात!"

"आणि निघाली तर बाल्कनी कायमची माझी! पुन्हा तिचं नाव काढायचं नाही!"

"दिला शब्द. दादा, तू साक्षीदार."

"हं," वर्तमानपत्रामागून बाबा म्हणाले. या घरात जिवंत राहायचं तर एवढंच बोलावं, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

पहिला प्रयोग लोहचुंबकाचा. साखरदाणीला चिकटलं नाही.

"पितळही चिकटत नाही," आत्या म्हणाली.

दुसरा बर्फाचा. चांदी उष्णता झरझर वाहून नेते, तिच्यावर बर्फ भराभर वितळतो, असं भिंगूनं समजावलं. साखरदाणीच्या झाकणावरचा खडा खरंच बघता बघता विरघळला. आत्या शांतपणे उठली, फडताळातलं तांब्याचं पातेलं उपडं घातलं आणि त्यावर दुसरा खडा ठेवला. तोही विरघळला!

"मग हेही चांदीचंच का गं?"

भिंगूचे कान लाल झाले. "आता घनता!"

स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याचं भांडं चढलं. आत्याच्या बटणं लावायच्या दोऱ्यानं साखरदाणी त्यात अधांतरी सोडली गेली. दोरा धरायला आत्याच. शत्रूच्या हातानं मोजलं की नंतर कटकट नाही! भिंगूनं वजनं मांडली, भागाकार केला आणि किंचाळली, "दहा पूर्णांक तीन! जर्मन सिल्व्हर साडेआठच्या आसपासच घुटमळतं! चांदीच!"

"बरं. आता सुरी सोड."

सुरी सोडली. भागाकार झाला. भिंगूनं तो पुन्हा केला.

"किती?"

"...पाच."

आत्या अशी हसली, की शेजारचं शिलाई मशीनही आपोआप खडखडलं असेल!

"अगं, पातं पोलादाचं असतं! मूठ पोकळ असते, आत राळ भरलेली असते! ही सगळ्यांची सरासरी आहे!"

"सरासरी म्हणजे हरलेल्या माणसाचं गणित! दादा, मशीन उचलायला ये."

"मशीनला हात लावायचा नाही!" भिंगू दारात आडवी उभी राहिली. "आता सुरीच स्वतःच्या तोंडानं सांगेल!"

तिनं हाताला लागलं ते पातेलं घेतलं. ते आत्याचं दुधाचं होतं. तळाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, वर खायचा सोडा आणि खळखळतं पाणी. त्यात सगळ्या सुऱ्या.

"हा काळेपणा म्हणजे गंधक. तो आता चांदीला सोडून फॉइलकडे जाईल. सडक्या अंड्यांचा वास आला, की समजायचं आपण जिंकलो!"

वास आला. आणि काय आला! खिडकीतून निघून थेट वरच्या मजल्यावर गेला.

"गॅस गळतोय!" वरच्या काकू ओरडल्या. "पळा! सगळे खाली चला!"

जिन्यात धावपळ उडाली. "गॅस नाही, विज्ञान आहे!" असं भिंगू ओरडत राहिली, पण विज्ञान म्हटल्यावर लोक आणखी जोरात पळाले.

आता, सुरीच्या मुठीत राळ असते हे भिंगूला माहीत होतं. राळ तापली की फुगते आणि पातळ होते, हेही माहीत होतं. फक्त या दोन माहितींची एकमेकींशी ओळख करून द्यायची राहिली होती.

फट्!

एक मूठ शिवणीवर उसवली आणि टुणकन पातेल्याबाहेर उडाली. फट्! फट्! बाकीच्यांनी तिचं अनुकरण केलं. पाती तळाला, मुठी वर, आणि आत्याच्या दुधाच्या पातेल्यात डांबरासारखी राळ. आत्या लाटणं शोधू लागली. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. हे घरात प्रथमच घडत होतं.

भिंगूनं मात्र फडक्यानं ती फाटकी मूठ उचलली, डोळ्याला भिंग लावलं आणि नीट उजेडात दाखवायला थेट रस्त्यापर्यंत धावत गेली. मागोमाग हातात लाटणं घेऊन आत्या. सगळी इमारत खाली जमलेलीच होती.

"बघ! फाटलेली कड बघ! वास आला म्हणजे वर चांदी आहेच, आणि नुसता मुलामा असता तर आत वेगळ्या धातूचा थर दिसला असता! आरपार पांढरी आहे! चांदी आहे, चांदी! घरात अस्सल चांदी आहे!"

आत्यानं भिंग घेतलं. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं.

"हरले," ती म्हणाली. आत्या कडक होती, पण लबाड नव्हती. "बाल्कनी तुझी."

भिंगूनं मूठ उंचावली. तेवढ्यात आत्यानं मान वळवली आणि तिला ती गर्दी दिसली. काकू, काकूंचे पाहुणे, इस्त्रीवाला, दोन अनोळखी सायकलवाले. सगळ्यांचे डोळे त्या मुठीवर. मग तिनं वर पाहिलं. पहिल्या मजल्यावरची त्यांचीच उघडी बाल्कनी, आणि तिच्या अगदी बाजूनं वर गेलेला पाण्याचा पाइप. चढायला सोपा, जणू शिडीच!

संध्याकाळपर्यंत वेल्डरनं बाल्कनीला जाळी ठोकली. आतल्या दाराला कुलूप लागलं. किल्ली आत्याच्या कमरेला.

"हे काय? तू शब्द दिला होतास!"

"मग? बाल्कनी तुझीच आहे. फक्त उघडायची नाही. घरात चांदी आहे आणि ती तू गावभर सांगितली आहेस."

भिंगू हार मानणाऱ्यांतली नव्हती. रात्रभर विचार करून सकाळी ती आत्यासमोर उभी राहिली.

"आत्या, माझं चुकलं. काट्यात दोष होता. पितळेतही अशी पांढरी जात असते. मी आज शास्त्रशुद्ध सिद्ध करून दाखवते, की ती चांदी मुळीच नाही! मग कुलूप कशाला?"

आत्यानं मशीनवरून मान वर केली आणि कीव आल्यासारखं तिच्याकडे पाहिलं.

"काय गं, एवढी शिकलीस ना? मग जरा विज्ञानावर विश्वास ठेवायला शीक!"