शकूआत्याचं अखंड

शकूआत्या एकाच वेळी चार ठिकाणी बसलेली दिसते. विहिरीच्या कठड्यावर एक, बांधावरच्या बाभळीखाली एक, ज्वारीतल्या राखणीच्या माळ्यावर एक आणि घरापुढच्या स्टुलावर एक. चौघींच्या अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच विटका निळा कपडा. यातली खरी कोणती, हे ओळखणं सोपं आहे. खरी शकूआत्या बहुतेक वेळा या चौघींत नसते.

मी पहिल्यांदा फसले ती भर दुपारी. शकूआत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून तामलवाडीच्या शिवारात एकटीच राहते. परीक्षेच्या अभ्यासाला शांतता हवी म्हणून बाबांनी मला तुळजापूरहून महिनाभरासाठी तिच्याकडं पाठवलं होतं. बोलायला सुरुवात करणं मला जड जातं, म्हणून वाक्य आधी मनात जुळवून मी विहिरीपाशी गेले आणि पाठमोऱ्या आत्याला म्हणाले, "आत्या, मी आले. बाबांनी नमस्कार सांगितलाय."

आत्या हलली नाही. मी पुन्हा सांगितलं. मग खांद्याला हात लावला. खांदा करकरला. आत कडबा होता. डोक्याच्या जागी रुमाल बांधलेलं गाडगं होतं, आणि गाडग्यावर तोंड काढलेलं नव्हतं.

"तिला कमी ऐकू येतंय," माझ्या अगदी मागून आवाज आला. वळून पाहिलं तर तीच, त्याच निळ्या कपड्यात, उभी.

त्या कपड्याला मी जंपसूट म्हणते, आत्या 'अखंड' म्हणते. काही वर्षांपूर्वी तिचा पदर कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडला होता. "लुगडं मला आत वढायलं हुतं. म्या इळ्यानं पदर कापला आन् ठरिवलं, आता अंगावर लोंबतं काय ठिवायचं न्हाय." मग तिनं सोलापूरहून जाड निळ्या कापडाचा अख्खा तागा आणला. स्वतःचं पोलकं आणि यजमानांची विजार जमिनीवर एकाखाली एक मांडली, भोवती खडू फिरवला, कापलं आणि शिवलं. उभं राहिल्यावर झकास. जेवायला मांडी घातली आणि, तिच्याच शब्दांत, "खालनं आन् वरनं, दोनीकडनं फाशी."

तेव्हापासून ती माप बसवून घेते. माणसाला स्टुलावर बसवायचं, खांद्यावरून सुतळी सोडायची, दोन पायांमधून मागं काढून परत त्याच खांद्यावर आणायची आणि त्यावर चार बोटं जास्त सोडायची. हात वर केल्यावर कापड चढू नये म्हणून काखेत जादा कापडाची कळी. गुडघ्यावर दुहेरी कापड. सहा खिसे: एक विळ्याचा, एक मोबाईलचा, एक मिसरीच्या डबीचा, आणि तीन "आसू द्यावं". मागच्या बाजूला कमरेशी बटणं लावलेला एक पडदा असतो. त्याचा उपयोग तुमच्या लक्षात आला असेल. आत्या त्याला चारचौघांत 'मागची खिडकी' म्हणते.

"बसून बघ," हे तिचं सगळ्यावरचं उत्तर. बाबांनी माझ्यासाठी आलेल्या एका मुलाचा फोटो तिला दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "हुबा बरा दिसतोय. बसल्यावर कसा ऱ्हातोय, बघितलं का?"

अखंड जुनं झालं की त्यात कडबा भरून ती त्याला शेतात बसवते. बुजगावणी उभी असतात ना, हा प्रश्न मी तीन दिवस मनात घोळवला आणि चौथ्या दिवशी विचारला.

"हुबं मानूस जानार आसतंय," आत्या म्हणाली. "पाखरास्नी कळतंय ते. बसलेलं मानूस कवाबी उठंल. त्याला भितात."

"आणि तोंड का नाही?"

"तोंड काढलं की ते कुनीतरी हुतंय. मंग नाव ठिवावं लागतंय."

त्या दिवशी मी अभ्यासाची खुर्ची खिडकीकडं पाठ करून ठेवली. थोड्या वेळानं लक्षात आलं, की आता त्या चौघी माझ्या पाठीमागं आहेत. खुर्ची परत फिरवली. बाभळीखालच्या बुजगावण्याची सकाळी डावी मांडी वर होती. आता उजवी होती.

"म्याच बदलली," आत्या म्हणाली. "दिसभर एका मांडीवर कोन बसतंय?"

विहिरीकडून तिच्या बोलण्याची कुजबुज यायची. ती फोनवर बोलत असेल, असं मी धरून चालले. फोन मात्र घरात चार्जिंगला लावलेला असे.

तुळजापूरला दर्शनाला जाणारे आमचे सगळे नातेवाईक वाटेत आत्याकडं येतात. गाडी बंद करत नाहीत. "बसा की," आत्या म्हणते. "नको आक्का, उभ्या उभ्याच आलो," ते म्हणतात. शेंगांची पिशवी घेतात आणि जातात. धूळ खाली बसेपर्यंत आत्या रस्त्याकडं बघत उभी राहते.

महिना सरत आला तशी ज्वारी काढणीला आली, आणि नेमकं आभाळही आलं. पाऊस पडला असता तर कणसं काळी पडली असती. वर्षाची ज्वारी होती ती. काढणीच्या बायका मात्र बांधावरच थबकल्या. त्यांची पुढारी रुक्मिणबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, आमी भीत न्हाय. पन काल हिरीवरली हालली."

"वारं असेल."

"वारं आसतं तर कनसं हालली नसती व्हय? कनसं गप हुती. हीच हालली. आक्काला म्हणावं, बसलेल्या काढ, मंग आमी रानात येतो."

निरोप मी पोचवला. ताग्यातलं उरलेलं कापड घेऊन आत्या दोन दिवस शिलाई मशीनवर बसली. माझं माप तिनं आल्या आल्याच घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी आभाळ आणखी खाली आलं. तिनं माझ्या हातात शिवलेलं नवं अखंड दिलं आणि म्हणाली, "चल. त्यास्नी उठवू."

आम्ही चौघींना उतरवलं. प्रत्येकीच्या खिशात मूठभर शेंगा होत्या.

"पावण्याचा खिसा रिकामा बरा दिसत न्हाय," आत्या माझ्याकडं न बघता म्हणाली.

कपडे तिनं घडी करून पेटीत ठेवले. कडबा म्हशीपुढं टाकला. म्हैस एकेक पाहुणी सावकाश खात होती.

पाऊस आला नाही. काढणी उरकली, कणसं घरात आली. दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. दिवस मावळायच्या आधी मी नवं अखंड घातलं आणि घरापुढच्या रिकाम्या स्टुलावर बसून बघितलं. कुठंच ओढत नव्हतं.

आत्या गोठ्यातून आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मान न वळवता बोलायला लागली.

"पोरगी उद्या चालली. हितं करमतंय म्हणून बापाला फोनवर सांगत हुती. खरं का तोंडदेखलं, काय म्हाईत. म्या ऱ्हा म्हणनार न्हाय. म्हणलं आन् ती नको म्हणली, तर ती गेल्यावर ते नकोच घरात ऱ्हातंय." तिनं गुडघ्यावरचा कडबा झटकला. "तिच्या मापात चारच्या जागी सा बोटं सोडलीत. ध्यानात यायचं न्हाय तिच्या."

माझ्या नाकावर माशी बसली होती. मी हलले नाही. ती मला ओळखून बोलत होती की कडब्याची समजून, मला कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमतही होत नव्हती. शेवटी समोरच्या मोकळ्या रानाकडं बघत, तोंड न वळवता, मीही म्हणाले, "उद्याची बस बहुतेक चुकणार आहे. परीक्षेला अजून दीड महिना आहे."

आत्यानं मिसरीची डबी उघडली आणि तशीच बंद केली. गोठ्यात म्हशीचं रवंथ थांबलं. म्हशीनं मान वळवली आणि माझ्या निळ्या कपड्याकडं एकटक बघायला लागली.

"ए," आत्या तिला म्हणाली, "ही न्हाय खायाची."